कोंबडीने खाल्लेली चौथी रेघ

हिंदुस्थान सरकारचं कर्ज एका कोंबडीने खाल्लं, ही गोष्ट मी आयुष्यात इतक्या ठिकाणी सांगितली की ती आता माझी राहिलेली नाही. नगरला एखाद्या लग्नात कुणी अनोळखी माणूस ती मलाच सांगायला लागतो. त्यात कोंबडीचा कोंबडा झालेला असतो, मास्तर सुरी घेऊन त्याच्यामागे धावतात आणि शेवटी कलेक्टर येतो. सुरी मी घातली होती. कलेक्टर कुणी घातला ते ठाऊक नाही.

मास्तरांना ओळखणारे आता जवळजवळ सगळे गेले. उरली ती गोष्टच, आणि तिच्यात मास्तर वेडे आहेत. ते तसे नव्हते. विक्षिप्त होते, हे मान्य. पण विक्षिप्तपणाचा हिशेबसुद्धा नीट मांडावा लागतो, आणि तो माझ्याइतका वाकडा कुणी मांडला नसेल.

ते नगरच्या एका हायस्कुलात इतिहास आणि राज्यकारभार शिकवायचे. मी त्याच शाळेत नवा लागलेलो, मराठी शिकवायचो, आणि त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने होती; जेवणही त्यांच्याकडेच, आणि दोघंही मला भाऊ म्हणायचे. त्यांचं मूळ गाव मिरजगाव. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हापासून घराण्यात मास्तरकी. उंच, किंचित वाकलेले, आणि सुतार पेन्सिल ठेवतो तसा कानावर खडू. रविवारी चर्चला, आमच्या भाषेत देवळात, जातानाही तो खडू कानावर असायचा. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तो काढून घेईपर्यंत त्यांना त्याची आठवण नसायची.

कुणी काहीही सांगितलं की मास्तर एकच विचारायचे, "कोणत्या पद्धतीने?"

बाई म्हणायच्या, "भाकरी दोनच उरल्यात."

"कोणत्या पद्धतीने? भाऊंची धरून की वजा जाता?"

"भुकेच्या पद्धतीने," बाई म्हणायच्या आणि टोपली माझ्याकडे सरकवायच्या. त्या मुलींच्या शाळेत बालवर्ग शिकवायच्या. चाळीस लहान मुलींपुढे मास्तर काहीच नव्हते.

एकदा डॉक्टरांनी वय विचारलं तर मास्तरांनी "ढोबळ की निव्वळ?" असं विचारलं, हे खरं आहे. झोपेत गेलेली वर्षं वजा केली तर आपण पस्तिशीचेही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टर म्हणाले, "मग खोकला पस्तिशीच्या माणसाचा आहे असं लिहितो." मास्तर म्हणाले, "तो ढोबळ लिहा."

हे सगळं कुठून आलं, तर देशाच्या कर्जातून. कंपनी सरकारपासून दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईपर्यंत हिंदुस्थानवर किती कर्ज होतं, हा त्यांच्या आयुष्याचा विषय. तो आकडा एक नाही, हा त्यांचा शोध. ज्या पुस्तकात पाहावं तिथे वेगळा. आधी त्यांना वाटलं, कुणीतरी चूक केली आहे. मग दिसलं, चूक कुणाचीच नाही, प्रत्येकाची मोजायची तऱ्हा निराळी आहे.

वर्गात कोल्हारचा एक मुलगा होता, घरचा ऊस असलेला. मास्तर त्याला उभं करायचे.

"तुझ्या उसाला पाणी कुठलं?"

"भंडारदऱ्याचं, सर."

"धरण कशातनं बांधलं?"

"दगडातनं."

"दगडाला पैसे कुठले?"

मास्तर म्हणायचे, "कर्जाचे. म्हणजे सरकारच्या पुस्तकात एका पानावर कर्ज लिहिलेलं आहे. आता तुझा ऊस कुठल्या पानावर आहे?"

"आमचा ऊस रानात हाय, सर."

"बरोबर. म्हणून ते पान कोरं आहे."

मग समजावून सांगायचे. रेल्वे आणि कालवे कर्ज काढून केले, पण ते कमावतात. काही तक्त्यांत सरकार ते कर्ज वेगळं काढून दाखवतं, काहींत सगळं एकत्र. एकत्र पाहिलं की देश बुडालेला दिसतो, वेगळं पाहिलं की दुकान बरं चाललेलं दिसतं. कंपनी गेली ती स्वतःचं कर्ज आपल्या नावावर ठेवून गेली. सत्तावन्नचं बंड मोडून काढलं त्याचा खर्चही आपल्याच नावावर. "काठीचे पैसे मार खाणाऱ्याकडून," मास्तर म्हणायचे. "आता ते आपलं कर्ज म्हणायचं की नाही? धरलं तर रेघ इथून सुरू होते, नाही धरलं तर तिथून." आणि विलायतेतलं कर्ज पौंडांत. इथे लिहिताना पौंडाला दहा रुपये धरायचे की पंधरा, हे हुकमावर. हुकूम बदलला की एक पैसा उसना न घेता कर्ज दीडपट.

मुलांना हे फार आवडायचं. परीक्षेत मात्र प्रश्न असायचा, "एका वाक्यात उत्तर द्या." मास्तरांची मुलं चार वाक्यं लिहायची आणि मार्क घालवायची. हेडमास्तर त्यांना बोलावून म्हणायचे, "अहो, पोरांना एक आकडा द्या. कुठलाही द्या, पण एक द्या." बाहेर आल्यावर मास्तर मला म्हणाले होते, "भाऊ, मरायच्या आधी एकदा अशा वर्गात शिकवायचंय, जिथं एका वाक्यात उत्तर द्या असं कुणी म्हणत नाही." नगरात कॉलेज निघणार अशी बोलणी तेव्हा नुकती सुरू झाली होती. तिथे इतिहासाची जागा मिळावी, एवढी एकच इच्छा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली. बाईंनाही ती माहीत होती आणि त्या रोज रात्रीच्या प्रार्थनेत ती घालायच्या. मास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि आमेन जरा जास्त मोठ्याने म्हणायचे.

आणखी एक दुरुस्ती. बेचाळीसनंतर नगरच्या किल्ल्यात काँग्रेसचे पुढारी कोंडलेले असताना मास्तरांना किल्ल्याच्या दाराशी अटक झाली, असं मी सांगत आलो. अटक झाली नाही. झालं ते असं की कर्जातला कुठला भाग देशाचा आणि कुठला नाही, यावर पुढाऱ्यांनी पूर्वी विचार केलेला आहे, असं मास्तरांनी वाचलं होतं. "आता आत बसलेत, सवड आहे, विचारून यावं," असं म्हणत ते चिठ्ठी घेऊन गेले. दारावरचा शिपाई आमच्या अकोल्याकडचा निघाला.

"कोनाला भेटायचं?"

"कुणालाही. ज्यांना हिशेब कळतो त्यांना."

शिपायाने चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "ह्ये काय हाय?"

"देशाच्या कर्जाचा प्रश्न आहे."

"मास्तर," शिपाई म्हणाला, "माझ्या भावाच्या कर्जाचा बी हाय. दोन्ही संगट न्या, पर हितनं न्हाई. घरी जावा, लई ऊन हाय." आणि त्याने त्यांना पाणी पाजलं. मास्तर खूश होऊन परतले. "माणूस नेमका बोलला," म्हणाले. "खासगी आणि सार्वजनिक वेगळं धरत नाही एवढंच."

आता कोंबडी.

आमच्याकडे देवळात हंगामाचा सण असतो. मंडळी शेतातलं, परसातलं जे असेल ते घेऊन येतात, आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. पैसे मंडळीला, म्हणजे चर्चला. रीत अशी की एखाद्याने बोली जिंकली की तो ती वस्तू घरी न नेता पुन्हा देवाला देतो, मग ती पुन्हा लिलावात. त्या वर्षी मिरजगावहून आलेल्या एका म्हातारीने तांबड्या रंगाची कोंबडी आणली होती. ती एकाने घेतली, परत दिली. दुसऱ्याने घेतली, परत दिली. तिसऱ्यानेही तेच. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, शेवटी अहवाल वाचला: धान्य इतकं, भोपळे इतके, कोंबड्या तीन.

मास्तर उठले. "कोंबड्या तीन, हे कोणत्या पद्धतीने?"

पाळकसाहेब म्हणाले, "विक्री तीनदा झाली, मास्तर."

"विक्री तीन. कोंबडी एक. हे वेगळं लिहा, नाहीतर शंभर वर्षांनी कुणी वाचलं तर म्हणेल, नगरच्या मंडळीत कोंबड्यांची चंगळ होती. देशाच्या कर्जाचंही हेच झालंय. दिल्ली विलायतेतून घेते, मुंबईला देते. दिल्ली लिहिते एकदा, मुंबई लिहिते एकदा, आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवणारा म्हणतो, दोन कर्जं."

मागून म्हातारी म्हणाली, "माझी कोंबडी कर्जाची न्हाई, घरची हाय. तिला नावं ठेवू नका."

मास्तरांनी माफी मागितली, आणि हिशेब एकदाचा मिटावा म्हणून चौथी बोली स्वतः करून कोंबडी घरी आणली. बाईंनी ती पाहिली आणि काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्यांना पद्धत विचारली गेली असती.

आता फळी. मास्तरांनी मागच्या पडवीत दाराची एक जुनी फळी भिंतीला टेकवली होती. तिच्यावर खालून वर, डावीकडून उजवीकडे खिळ्यांच्या ओळी. आडव्या ओळीत सालं, उभ्या ओळीत कर्ज. खिळ्याखिळ्याला दोरा अडकवत न्यायचा की कर्जाची रेघ तयार. कागदावर काढली असती तर खोडावी लागली असती, दोरा सोडवता येतो. पद्धत बदलली की दोरा बदलायचा. नगरच्या तोफखाना भागातल्या विणकरांकडून ते उरलंसुरलं सूत आणायचे. पण लढाईत सुतावर कंट्रोल आला आणि लाल सोडून दुसरा रंग मिळेना. चार पद्धती, चारी रेघा लाल.

"कुठली कुठली कसं कळायचं, मास्तर?" मी विचारलं.

मग त्यांनी खुणा केल्या. सगळं कर्ज एकत्र धरलेली पहिली रेघ साधी. रेल्वे-कालवे वजा केलेली दुसरी, तिला गाठी. पौंड जुन्या भावाने मोजलेली तिसरी, तिला बाईंच्या डब्यातली बटणं. चौथी त्यांची लाडकी. तिच्यात कर्ज रुपयांत नव्हतंच. त्या त्या साली ते फेडायला ज्वारीची किती पोती लागली असती, अशी ती रेघ. तिला ज्वारी ओवायची होती, पण ज्वारी सुईला दाद देईना, म्हणून मक्याचे दाणे ओवले. मुलं त्यांना चाररेघी मास्तर म्हणायला लागली ती तेव्हापासून.

ही चौथी रेघ लढाईच्या वर्षांत विचित्र वागत होती. सरकार भराभर कर्ज काढत होतं, बाकीच्या रेघा नगरच्या किल्ल्याच्या बुरुजासारख्या वर चढल्या होत्या. पण ज्वारी त्याहून जास्त महागली होती, म्हणून पोत्यांत मोजलं तर कर्ज खाली येत होतं.

एका सकाळी मी पडवीत गेलो तर कोंबडी फळीवर मान लांब करून दाणे खात होती. ही वर्षं खालच्या खिळ्यांवर आलेली, म्हणून तिच्या चोचीच्या टप्प्यात. मी हाकलायला धावलो. मास्तर मागून आले आणि त्यांनी माझा हात धरला.

"थांबा, थांबा. बघू द्या कुठवर जाते."

तिने लढाईची सालं साफ केली आणि थांबली. त्याआधीची सालं वर होती, तिथे तिची चोच पोचत नव्हती. मास्तर वाकून रिकामा दोरा पाहत राहिले. मग त्यांना इतकं हसू आलं की खडू कानावरून पडला.

"महागाई कर्ज असंच फेडते, भाऊ," ते म्हणाले. "दाणे आपले, ढेकर सरकारचा."

असं घडलं. सुरी नव्हती, धावणं नव्हतं. ते रडले, असंही मी सांगायचो. रडले नाहीत. त्यांनी तो दोरा तसाच रिकामा ठेवला आणि त्यावर एक कागद डकवला: "येथे महागाई." कोंबडीला त्या दिवशी आणखी मूठभर मका मिळाला. बाई आतून म्हणाल्या, "तिला पगार सुरू केलात का?"

पुढच्या वर्षी कॉलेजची मंडळी शाळेत आली. जागा कुणाला द्यायची हे ठरवायचं होतं, आणि मास्तरांचं नाव पुढे होतं. ती मंडळी दुसऱ्या दिवशी मास्तरांचं काम पाहायला घरी येणार होती. मास्तरांनी त्यासाठी कोट उलटून शिवून घेतला, कापड मिळत नव्हतं ते दिवस. "कोट तोच," ते शिंप्याच्या दुकानात मला म्हणाले, "पद्धत बदलली." बाईंनी पडवी सारवली. कोंबडीला शेजारी पाठवलं.

आदल्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत पाहुण्यांना चहा होता. मलाही बोलावलं होतं. दाट मिशांचे एक गृहस्थ त्यांच्यात मुख्य दिसत होते. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही त्यांच्याच घरी राहता म्हणे. कसे आहेत?"

मी काय सांगायला हवं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यांच्याइतका विषय जाणणारा माणूस जिल्ह्यात नाही, मुलं त्यांच्या तासाला जागची हलत नाहीत, एवढं सांगून चहा प्यायचा होता. पण खोलीत मोठी माणसं होती, सगळी माझ्याकडे पाहत होती, आणि मला गोष्ट सांगता येते हे मला ठाऊक होतं. मी कोंबडीची गोष्ट सांगितली. ते हसायला लागले तसे गोष्टीतले मास्तर फळीसमोर रडायला लागले. आणखी हसले तेव्हा ते कोंबडीची समजूत काढायला लागले. आणि शेवटी मी म्हणालो, "मग मीच त्यांना म्हटलं, मास्तर, महागाई कर्ज असंच फेडते. दाणे आपले, ढेकर सरकारचा."

मिशावाले गृहस्थ मांडीवर हात मारून म्हणाले, "वा, तुमची जीभ फक्कड आहे हो." मला त्यातून दुसरं काही मिळालं नाही. मराठीची जागा कॉलेजात नव्हतीच, मी मागितलीही नव्हती. तो हशा तेवढा मिळाला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बाहेर गेलो. परतलो तेव्हा मास्तर उलटा कोट अंगावर तसाच ठेवून पडवीत बसले होते, चेहरा फुललेला.

"फार रस घेतला त्यांनी," ते म्हणाले. "इतका मी अपेक्षिला नव्हता. चौथ्या रेघेपाशी तर त्यांना हसू आवरेना. भाऊ, लोकांना वाटतं हा विषय रूक्ष आहे. माणसं हसली, म्हणजे पोचलं."

मी म्हणालो, "हो, पोचलं असणार."

जागा पुण्याच्या एका गृहस्थांना मिळाली. ते एका वाक्यात उत्तर देणारे होते. काही महिन्यांनी मिशावाले मला कापडबाजारात भेटले आणि हसतच म्हणाले, "तुमचे कोंबडीवाले कसे आहेत? माणूस विद्वान, पण वर्गात पोरांनी कॉक कॉक केलं असतं हो. आम्ही कसं घेणार?" कॉलेजचं पत्र आलं त्या दिवशी मास्तरांनी ते वाचून बाईंकडे दिलं आणि म्हणाले, "नाही म्हणतात, पण कोणत्या पद्धतीने ते लिहिलेलं नाही." त्या रात्रीच्या प्रार्थनेत कॉलेजच्या जागेची ओळ नव्हती.

मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. मी ती गोष्ट सांगतच राहिलो. एकदा हशा मिळालेली गोष्ट बंद करणं मला जमलं नाही.

आणि मग शाळेच्या संमेलनात मला चार शब्द विनोदी बोलायला सांगितलं. दुपारची वेळ, मांडवात सगळं गाव. पहिल्या रांगेत मास्तर आणि बाई बसलेले. मी दुसरी गोष्ट सांगणार होतो. पण मुलं मागून ओरडायला लागली, "कोंबडी, कोंबडी." मी सांगितली. सुरी त्या दिवशी पहिल्यांदा आली, तिथेच सुचली. मास्तर डोळे पुसत हसत होते.

अध्यक्षांनी गमतीने त्यांना विचारलं, "मास्तर, तुम्हाला यावर काही म्हणायचंय?"

मास्तर उठले. "एक दुरुस्ती. पहिल्या महायुद्धाची वर्षं कोंबडीने खाल्ली, असं भाऊंनी सांगितलं. ती तिने तोंडात घातली नाहीत, ती वरच्या खिळ्यांवर होती. दुसऱ्या महायुद्धाची खाल्ली. बाकी सुरी वगैरे ठीक आहे." आणि बसले. त्या वाक्यालाही टाळ्या पडल्या.

आम्ही तिघं बरोबर घरी निघालो. बाई मध्ये, मास्तर त्यांच्या पलीकडे. वाटेत बाई म्हणाल्या, "भाऊ, ते ढेकराचं बोलणं तुमचं होतं का ह्यांचं? मी त्या सकाळी आत भाकरी थापत होते. मला ह्यांचा आवाज वाटला होता."

मी म्हणालो, "आता आठवत नाही, बाई."

मास्तर म्हणाले, "अगं, गोष्टीत शहाणा एकच लागतो. दोघं शहाणे झाले तर कोंबडीकडे कोण बघणार?"

थोडं चालल्यावर बाई थांबल्या. "ते कॉलेजवाले आले होते ना, ते फळीपाशी पोचायच्या आधीच हसत होते. दारातनंच. मला तेव्हा वाटलं, हसऱ्या स्वभावाची माणसं आहेत." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "त्यांना सांगितली होती का तुम्ही ही गोष्ट?"

"नाही, बाई."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "नाही म्हणतायत ना ते. चल."

त्या चालायला लागल्या. पुढे त्या दोघांनीही ते मला कधी विचारलं नाही, आणि मी त्यांच्या घरात आणखी पुष्कळ दिवस जेवलो.

ते बोलणं मास्तरांचं होतं, बाई. आणि हो, सांगितली होती.